व्हिक्टोरियन कादंबरीकाराची समकालीन समीक्षा आणि ग्रंथालय : मेडोज टेलरच्या निमित्ताने

१

एखादी कादंबरी तिच्या स्वतःच्या काळात कशी वाचली गेली, या प्रश्नाचे उत्तर केवळ त्या कादंबरीच्या पृष्ठांतून मिळत नाही. ते त्या काळच्या नियतकालिकांतील परीक्षणांत, वृत्तपत्रांतील त्रोटक अभिप्रायांत, प्रकाशकाच्या जाहिरातींत आणि वाचनालयांच्या देवघेवीच्या वह्यांत विखुरलेले असते. पुढच्या पिढ्यांची समीक्षा लेखकाचे स्थान निश्चित करते; समकालीन समीक्षा मात्र ते स्थान निश्चित होण्यापूर्वीचा गोंधळ, उत्साह आणि पूर्वग्रह जसेच्या तसे जपून ठेवते. म्हणूनच एखाद्या लेखकावरील समकालीन परीक्षणांचा संग्रह करणे हे ग्रंथालयाचे दुय्यम काम नव्हे. वाङ्मयेतिहासाची कच्ची सामग्री त्यातूनच सिद्ध होते.

इंग्लंडमध्ये हे काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पद्धतशीरपणे झाले. ‘क्रिटिकल हेरिटेज’ या मालेत थॅकरे (१९६८), ट्रॉलप (१९६९) व डिकन्स (१९७१) यांच्यावरील समकालीन परीक्षणांचे स्वतंत्र खंड निघाले. मेडोज टेलर हा या मालिकेत सहसा आठवला जाणारा लेखक नव्हे. तथापि भारतीय वाङ्मयांच्या अभ्यासकाला तो एका वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा आहे. त्याच्या कादंबऱ्यांचा विषय दख्खन होता, आणि त्यांना मिळालेला एक महत्त्वाचा प्रतिसाद इंग्रजीत नव्हे, तर मराठीत लिहिला गेला. हा प्रतिसाद ‘समकालीन समीक्षा’ या सदराखाली कोणत्याही संग्रहात सहजासहजी दाखल होत नाही. तो तेथे दाखल झाला पाहिजे, असे का म्हणावे लागते, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

व्हिक्टोरियन परीक्षण वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली गोष्ट बाजारपेठेची. त्या काळी नवी कादंबरी बहुधा तीन खंडांत निघे आणि तिची किंमत ३१ शिलिंग ६ पेन्स असे. इतकी महाग वस्तू सामान्य कुटुंब विकत घेत नसे; ती १८४२ साली निघालेल्या मुडीच्या वाचनालयासारख्या फिरत्या ग्रंथालयांतून वाचली जाई. त्यामुळे साप्ताहिकातील परीक्षण जितके वाचकासाठी, तितकेच वाचनालयाच्या मागणीवर नजर ठेवणाऱ्या प्रकाशकासाठी असे. पुस्तक कोणाच्या हाती द्यावे, कुटुंबात मोठ्याने वाचावे की नाही, हा प्रश्न परीक्षणात वारंवार डोकावतो त्याचे कारण हेच.

दुसरी गोष्ट निनावीपणाची. बहुतेक परीक्षणांखाली लेखकाचे नाव नसे. आज ती नावे कळतात ती चिवट ग्रंथालयीन परिश्रमांमुळे. १८२८ साली सुरू झालेल्या ‘अथेनियम’ साप्ताहिकाच्या संपादकीय कार्यालयातील फाइलच्या अंकांवर प्रत्येक मजकुराशेजारी लेखकाचे नाव हाताने टिपलेले होते. ही फाइल लंडनच्या सिटी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जतन झाली. मासिके व त्रैमासिके यांच्याबाबत हेच काम ‘वेलस्ली इंडेक्स’च्या पाच खंडांनी १९६६ ते १९८९ या काळात केले. निनावी परीक्षणामागचा माणूस कळला की परीक्षणाचा अर्थ बदलतो. टेलरच्याच बाबतीत पाहावयाचे, तर ‘एडिंबरो रिव्ह्यू’चा १८५५ पासूनचा संपादक हेन्री रीव्ह हा त्याचा आप्त होता, टेलरच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलीने १८७७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्राला प्रस्तावनाही त्यानेच लिहिली. टेलर स्वतः अनेक वर्षे लंडनच्या ‘टाइम्स’चा भारतातील वार्ताहर होता. लेखक, वार्ताहर, संपादक आणि परीक्षक यांची वर्तुळे अशी एकमेकांत गुंतलेली होती. परीक्षणांच्या संग्रहाला ओळखीच्या नोंदींची जोड नसेल, तर तो संग्रह दिशाभूल करू शकतो.

३

फिलिप मेडोज टेलर याचा जन्म १८०८ साली लिव्हरपूल येथे झाला. १८२४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, तो मुंबईस उतरला आणि लवकरच निजामाच्या नोकरीत शिरला. १८४१ पासून तो सुरपूर संस्थानात होता. तेथील ‘टेलर मंझिल’ ही वास्तू आजच्या यादगीर जिल्ह्यात त्याची आठवण देते. पुढे १८५३ पासून नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे आला, आणि त्या जिल्ह्यातच तुळजापूर होते. १८६० मध्ये तो मायदेशी परतला व १८७६ मध्ये निवर्तला.

‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या पहिल्याच कादंबरीने त्याला कीर्ती मिळवून दिली. तिची छपाई चालू असतानाच राणी व्हिक्टोरियाने मुद्रिते मागवून वाचल्याचे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. पाठोपाठ ‘टिपू सुलतान’ (१८४०) आली. म्हैसूरच्या युद्धाची कथा असे तिचे उपशीर्षक होते. त्यानंतर दोन तपांचा खंड पडला. मग ‘तारा’ (१८६३), ‘राल्फ डार्नेल’ (१८६५) व ‘सीता’ (१८७२) या तीन कादंबऱ्यांत त्याने अनुक्रमे मराठी सत्तेचा उदय, प्लासीची लढाई आणि १८५७ चा उठाव हे शंभर-शंभर वर्षांच्या अंतराचे तीन टप्पे मांडले. चांदबिबीवरील ‘अ नोबल क्वीन’ १८७८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली.

या कादंबऱ्यांपुढे इंग्रज वाचक एका विलक्षण अडचणीत सापडतो. कथेची रंगत त्याला जोखता येते. चित्रणाचे सत्य जोखता येत नाही. टेलरने ती अडचण स्वतःच सोडवून दिली. ‘ठगा’च्या प्रस्तावनेत तो सांगतो की ही कथा बहुतांशी खरी आहे, आणि ती माफीच्या साक्षीदारांच्या प्रत्यक्ष जबान्यांवर उभी आहे. म्हणजे कादंबरी कोणत्या निकषावर वाचावी, हे लेखकच आधी ठरवून देतो. आणि तो निकष कलेचा नसून माहितीचा आहे. ‘हा गृहस्थ तेथे राहून आला आहे’ ही गोष्टच कादंबरीचे प्रमाणपत्र होते. लंडनमधील परीक्षकाने हे प्रमाणपत्र नाकारावयाचे म्हटले, तरी कोणत्या आधारावर नाकारावे? ताडून पाहण्याचे सामर्थ्य ज्या वाचकाजवळ होते, तो तुळजापुरात, पुण्यात किंवा श्रीरंगपट्टणात होता. केवळ इंग्रजी परीक्षणांचा संग्रह अपुरा ठरतो तो नेमका येथे.

४

मराठीत कादंबरीची चिकित्सा याच सुमारास आकार घेत होती. १८६७ साली ‘विविधज्ञानविस्तार’ निघाले. त्याचे पहिले संपादक रा. भि. गुंजीकर हे बेळगाव भागातील जांबोटीचे. त्यांची शिवकालावरील ‘मोचनगड’ ही कादंबरी १८७१ साली याच मासिकातून आली. १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक’ यांविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. मराठी कादंबरीच्या स्वरूपाची चिकित्सा करणारे ते पहिले महत्त्वाचे लेखन मानले जाते. परीक्षणाची परंपरा अशी रुजू लागली होती. परंतु इंग्रजी कादंबरीला मराठी वाचकाने दिलेला सर्वांत सविस्तर प्रतिसाद परीक्षणाच्या रूपाने अवतरला नाही. तो रूपांतराच्या रूपाने अवतरला.

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘म्हैसूरचा वाघ’ ही आपली पहिली ऐतिहासिक कादंबरी वाचकांपुढे ठेवली. तिचा आधार होता टेलरची ‘टिपू सुलतान’. त्या वेळी हरिभाऊ सव्वीस वर्षांचे होते. आपल्या वाङ्मयेतिहासात या कादंबरीची नोंद बहुधा एका वाक्यात होते : पहिला प्रयत्न, परका आधार, पुढे स्वतंत्र ‘उषःकाल’. ही नोंद चुकीची नाही. पण ती प्रश्न जेथे सुरू होतो तेथेच थांबते. पन्नास वर्षांपूर्वीची एक इंग्रजी कादंबरी पुण्यातील एक तरुण लेखक उचलतो, आठवड्या-आठवड्याने ती आपल्या वाचकांना देतो, तेव्हा तो त्या कादंबरीचे परीक्षणच करीत असतो. फरक इतकाच, की त्याचा अभिप्राय विधानांत नसून निवडीत असतो.

ही निवड वाचावयाची कशी? इंग्रज वाचकासाठी जे रीतिरिवाज टेलरला समजावून सांगावे लागले, ते मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेले होते. त्या स्पष्टीकरणांचे मराठीत काय होते, हे पाहावे. दुसरे असे, की टिपूविरुद्धच्या युद्धात मराठे हे दूरचे प्रेक्षक नव्हते. २१ मार्च १७९१ रोजी कॉर्नवॉलिसच्या सैन्याने बंगळूरचा किल्ला घेतला. पुढे त्याच मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके यांच्या फौजा येऊन मिळाल्या आणि १७९२ च्या तहात मराठ्यांनाही मुलूख मिळाला. लंडनच्या वाचकाला जी परदेशाची कथा, ती पुण्याच्या वाचकाला आजोबा-पणजोबांच्या स्वारीची आठवण. एकाच प्रसंगाचे वजन दोन भाषांत सारखे राहणे अशक्य होते. ‘टिपू सुलतान’ आणि ‘म्हैसूरचा वाघ’ शेजारी ठेवून प्रकरणवार ताडून पाहिल्यास काय राखले, काय वगळले आणि कोठे सूर बदलला, हे जे दिसेल, ते कोणत्याही निनावी इंग्रजी परीक्षणापेक्षा अधिक बोलके ठरेल.

या विचाराला रेनल्ड्सचे उदाहरण बळकटी देते. जी. डब्ल्यू. एम. रेनल्ड्स (१८१४–१८७९) याला इंग्लंडमधील प्रतिष्ठित नियतकालिकांनी फारसे जवळ केले नाही. भारतात मात्र तो अतोनात वाचला गेला. हरिभाऊंची ‘मधली स्थिति’ (१८८५) देखील त्याच्याच एका कादंबरीचा आधार घेऊन उभी राहिली. प्रिया जोशी यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इन अनदर कंट्री’ या ग्रंथात भारतीय ग्रंथालयांच्या नोंदींवरून या लोकप्रियतेचा माग काढला आहे. केवळ लंडनची परीक्षणे गोळा करणाऱ्या संग्रहात रेनल्ड्सची जागा अगदीच लहान राहील, आणि मराठी कादंबरीच्या इतिहासातील त्याची जागा तर दिसणारच नाही.

५

असा संग्रह करण्यास बंगळूर हे स्थान अनेक दृष्टींनी योग्य आहे. टेलरच्या कादंबरीचा प्रदेश येथून जवळ आहे. शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठीचा या नगराशी संबंध आहे. १८६८ साली स्थापन झालेली बौरिंग इन्स्टिट्यूट, १९०९ सालची मिथिक सोसायटी, कब्बन पार्कमधील राज्य मध्यवर्ती ग्रंथालय अशा जुन्या संस्था येथे आहेत. शिवाय मराठी कादंबरी कन्नडात गेली तो मार्गही येथील अभ्यासकाला परिचित आहे : गळगनाथ, म्हणजे वेंकटेश तिरको कुलकर्णी (१८६९–१९४२), यांनी हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्या कन्नड वाचकांपर्यंत पोहोचविल्या. इंग्रजीतून मराठीत आलेला कादंबरीप्रकार मराठीतून पुन्हा दक्षिणेकडे गेला.

परंतु ग्रंथालयाच्या फडताळांवर हा प्रवास दिसत नाही. ड्यूईच्या दशांश पद्धतीत टेलरची कादंबरी ८२३ या अंकाखाली जाते, हरिभाऊंची ८९१.४६३ खाली आणि गळगनाथांची ८९४.८१४३ खाली. एका धाग्याची तीन टोके तीन दालनांत जाऊन बसतात, आणि तालिकापत्रावर त्यांचा परस्परांशी संबंध सांगणारी ओळ बहुधा नसते.

या प्रश्नाचा विचार करण्याची साधने बंगळुरातच सिद्ध झालेल्या ग्रंथालयविचारात आहेत. शि. रा. रंगनाथन यांनी १९६२ साली येथे प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले आणि १९७२ साली याच नगरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात लेखकाची ओळख त्याच्या जन्मवर्षावरून ठरते आणि कृतीवरील समीक्षा त्या कृतीच्याच अंकाला चिन्ह जोडून तिच्या शेजारी बसविली जाते. मूळ ग्रंथ केंद्रस्थानी, त्याच्या छायेत त्याच्याशी निगडित लेखन, आणि त्यापलीकडे परके विषय, अशी ही मांडणी आहे. मात्र याही पद्धतीत वाङ्मयाची विभागणी आधी भाषेने होते. म्हणून रूपांतर मूळ कृतीच्या छायेत येत नाही. त्यासाठी एक साधा उपाय पुरे : समीक्षेच्या शीर्षाखाली रूपांतराचे संदर्भपत्र ठेवणे, आणि रूपांतराच्या पत्रावर मूळ कृतीचा अंक देणे.

संग्रहात काय यावे, हेही येथे स्पष्ट होते. इंग्रजी परीक्षणे व त्यांच्या कर्त्यांची ओळख हा पहिला भाग. मराठी नियतकालिकांतील परीक्षणे, ‘अभिप्राय’ आणि ‘साभार पोच’ ही सदरे हा दुसरा. पोच दोन ओळींची असली, तरी पुस्तक कोठे व केव्हा पोहोचले याचा तो दिनांकित पुरावा असतो. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यानुसार निघालेल्या सरकारी ग्रंथसूची हा तिसरा, न्या. रानडे यांनी १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेतला तो अशाच नोंदींच्या आधारे. चौथा भाग रूपांतरांचा, त्यांच्या प्रस्तावनांसह. पाचवा, वाचनालयांच्या दाखल व देवघेव वह्यांचा.

यांपैकी दुसरा आणि पाचवा हे भाग सर्वांत आधी नष्ट होतात. मासिकांचे वार्षिक खंड बांधताना मलपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत जुनी आहे. पोच व अभिप्राय अनेकदा त्याच पानांवर असत. साप्ताहिकांचा कागद हलका, दमट हवेत लवकर ठिसूळ होणारा. देवघेवीच्या वह्या तर ‘जुने दप्तर’ म्हणून रद्दीत जातात. इंग्लंडमधील परीक्षकाचे नाव दीडशे वर्षांनंतरही सांगता येते, कारण कोणीतरी अंकावर शाईने ते टिपले आणि पुढच्या कोणीतरी तो अंक जपला. मराठी वाचकाचा अभिप्राय हरवला, तर तो नव्हताच असे मानले जाईल.

६

समकालीन समीक्षेचा संग्रह म्हणजे लेखकाच्या स्तुतिनिंदेची कात्रणवही नव्हे. एखादी कृती कोणाकोणापर्यंत पोहोचली आणि प्रत्येकाने तिचे काय केले, याचा तो पुरावा आहे. टेलरने दख्खनचे चित्र इंग्रज वाचकाला दिले. त्या चित्राची पारख ज्यांच्याविषयी ते होते त्यांनी केली, आणि ती स्वतः कादंबरी लिहून केली. ही पारख मूळ कादंबरीच्या शेजारी ठेवणे हे भारतीय ग्रंथालयांचे काम आहे, कारण ज्या भाषांत ती झाली त्या भाषांचे खंड, वह्या आणि सुटे अंक प्रामुख्याने त्यांच्याच फडताळांवर आहेत.