परदेशातील इंग्रजी शिक्षक : अर्हता आणि कामाचा परवाना

इंग्रजी उत्तम येणे, इंग्रजी शिकविण्याची पात्रता असणे आणि परक्या देशात ती शिकविण्याची कायदेशीर मुभा मिळणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. परदेशी जाऊ इच्छिणारे अनेक शिक्षक पहिल्या दोन गोष्टींच्या बळावर निघतात आणि तिसरीपाशी अडतात. ही अडचण कशी निर्माण होते, हे दक्षिण कोरियाच्या उदाहरणावरून चांगले समजते.

कोरियाने १९९५ साली सरकारी शाळांत परदेशी इंग्रजी शिक्षक नेमण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली. १९९७ पासून तेथील प्राथमिक शाळांत तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. शाळांखेरीज 'हागवॉन' नावाच्या खाजगी शिकवणी संस्था गावोगावी पसरलेल्या आहेत. त्यामुळे परदेशी शिक्षकांना मोठी मागणी निर्माण झाली. या शिक्षकांसाठी 'ई-२' या नावाचा स्वतंत्र व्हिसा आहे.

नागरिकत्व आधी, अर्हता नंतर

इंग्रजीसाठी हा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना दिला जातो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका. उमेदवार पदवीधर असावा लागतो. मात्र ती पदवी इंग्रजीचीच असली पाहिजे असे नाही. म्हणजेच या सातांपैकी एखाद्या देशाचा वाणिज्य शाखेचा पदवीधर पात्र ठरू शकतो. परंतु दहा वर्षे इंग्रजी शिकविलेला अन्य देशाचा प्रशिक्षित शिक्षक केवळ पारपत्रामुळे बाहेर राहतो.

भारतीयांसाठी यात एक वेगळी वाट आहे. भारत व कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करारावर ऑगस्ट २००९ मध्ये स्वाक्षऱ्या झाल्या व १ जानेवारी २०१० पासून तो अंमलात आला. त्या करारान्वये भारतीय नागरिकांना तेथील शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून काम करता येते. तथापि त्यांच्याकडून पदवीबरोबरच शिक्षकाची रीतसर अर्हताही मागितली जाते. ही सवलत शाळांपुरती आहे. हागवॉनमधील नोकरीस ती लागू नाही. एकाच कामासाठी पारपत्रानुसार दोन मापे लावली जातात, ही गोष्ट अर्ज करण्यापूर्वीच ध्यानात घेतली पाहिजे.

नियम कडक का झाले ?

२००७ साली कोरियात खोट्या पदव्यांची प्रकरणे गाजली. त्याच वर्षी बालकांवरील अत्याचारांबद्दल थायलंडमध्ये पकडला गेलेला एक परदेशी इसम पूर्वी कोरियात इंग्रजी शिकवीत होता, हे उघडकीस आले. त्यानंतर वर्षअखेरीस गुन्हेगारी नोंदींचा दाखला व वैद्यकीय तपासणी या अटी घालण्यात आल्या. मुलांच्या संरक्षणाचा हेतू रास्तच होता. परंतु सर्व अटी रास्त होत्या असे नव्हे. परदेशी शिक्षकांवर लादलेल्या एचआयव्ही चाचणीस न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने २००९ मध्ये नकार दिला. कोरियन शिक्षकांना ही चाचणी नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २०१५ मध्ये या शिक्षिकेच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१७ मध्ये ही अट रद्द झाली.

कागदपत्रांची साखळी

पदवी खरी असणे पुरेसे नसते. ती खरी असल्याची साक्ष परक्या शासनास मान्य होईल अशा रीतीने द्यावी लागते. यासाठी १९६१ च्या हेग करारानुसार 'अपोस्टिल' हे प्रमाणांकन केले जाते. भारतात हा करार २००५ पासून व कोरियात २००७ पासून लागू आहे. कॅनडाला तो जानेवारी २०२४ पासून लागू झाला. तोवर कॅनेडियन शिक्षकांना प्रत्येक कागद कोरियन वकिलातीकडून प्रमाणित करून घ्यावा लागे.

आपल्याकडे पदवी प्रमाणपत्र प्रथम संबंधित राज्याच्या नियुक्त अधिकाऱ्याकडून आणि मग केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित होते. पोलीस पडताळणीचा दाखला पारपत्र कार्यालयाकडून मिळतो. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी व पारपत्र यांत नावाचे वा जन्मतारखेचे अंतर असेल तर ही साखळी तेथेच तुटते. विवाहानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांनी याची विशेष दक्षता घ्यावी.

परवाना मालकाशी बांधलेला

ई-२ व्हिसा विशिष्ट नोकरीसाठी असतो. कोरियात पोहोचल्यापासून ९० दिवसांच्या आत विदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. परवानगीशिवाय दुसऱ्या संस्थेत शिकविणे किंवा घरी खाजगी शिकवण्या घेणे हा गुन्हा असून त्यासाठी दंड व हद्दपारी होऊ शकते. कराराची मुदत संपण्यापूर्वी दुसरीकडे जावयाचे तर सामान्यतः आधीच्या मालकाचे संमतिपत्र लागते. त्यामुळे पगार थकला किंवा तास वाढविले तरी नोकरी सोडणे शिक्षकास जड जाते. पर्यटक व्हिसावर जाऊन काम सुरू करणाऱ्याची स्थिती याहून बिकट होते. त्याचे कामच बेकायदा असल्याने पगाराची तक्रार करावयास जाताना त्याला प्रथम स्वतःच्या हद्दपारीची भीती वाटते.

काय करावे ?

'आधी या, परवाना नंतर करून देऊ', असे सांगणाऱ्यावर विसंबू नये. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या मध्यस्थास १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यान्वये नोंदणी आवश्यक आहे; ती प्रथम पाहावी. पगार, तास, निवास व परतीचा खर्च यांचा लेखी करार निघण्यापूर्वी हाती असावा. व्हिसाचा प्रकार व मालकाचे नाव कराराशी ताडून पाहावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही स्वाधीन करून ठेवू नयेत.

या कामी गावपातळीवरही बरेच करता येण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीतील आणि शाळेच्या सामान्य नोंदवहीतील नाव व तारीख काळजीपूर्वक लिहिली गेली, तर वीस वर्षांनी त्या मुलाचा किंवा मुलीचा अर्ज परक्या देशाच्या कचेरीत अडणार नाही. नोंद ठेवणाऱ्या ग्रामसेवकाने व मुख्याध्यापकाने हे सदैव स्मरणात ठेवावे.