लांब पल्ल्याच्या धावण्यातील दुखापती व भौतिकोपचार

लांब पल्ल्याच्या धावण्यातील दुखापती म्हणजे नियमित धावण्याच्या सरावामुळे प्रामुख्याने कमरेखालील हाडे, स्नायू, कंडरा व सांधे यांना होणाऱ्या इजा होत. यांतील बहुसंख्य इजा पडल्यामुळे किंवा धडकेमुळे होत नाहीत. एकाच प्रकारचा भार हजारो वेळा पडत राहिल्याने त्या हळूहळू निर्माण होतात, म्हणून त्यांना अतिवापराच्या दुखापती असे म्हणतात. अशा दुखापती टाळणे, झाल्यास बऱ्या करणे आणि धावपटूला पुन्हा सरावाकडे नेणे हे भौतिकोपचाराचे, म्हणजेच फिजिओथेरपीचे, एक प्रमुख क्षेत्र आहे. मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावणाऱ्या हौशी धावपटूंबरोबरच सैन्य, पोलीस व वनविभागाच्या भरतीची तयारी करणाऱ्या तरुण-तरुणींमध्येही या दुखापती सर्रास आढळतात.

दोन प्रकारच्या दुखापतींतील फरक बीड जिल्ह्यातील मांडवा येथील अडथळ्यांच्या शर्यतीचे धावपटू अविनाश साबळे यांच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसतो. घोट्याच्या दुखापतीमुळे २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी त्यांना पात्र ठरता आले नाही. त्याच वर्षी त्यांनी ३,००० मीटर स्टीपलचेसमधील गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पडल्याने त्यांच्या गुडघ्याला मोठी इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. ही दुसरी इजा आघातजन्य होती. ती एका क्षणात होते आणि तिचा दिवस सांगता येतो. अतिवापराच्या दुखापतीचा असा दिवस सांगता येत नाही, आणि म्हणूनच ती बहुधा उशिरा ओळखली जाते.

कारणे

धावताना प्रत्येक पावलागणिक जमिनीकडून शरीरावर वजनाच्या साधारण दोन ते तीन पट बल येते. एक किलोमीटर अंतरात सुमारे ९०० ते १,००० पावले पडतात. म्हणजे ५ किलोमीटर धावणाऱ्याचा प्रत्येक पाय सव्वादोन ते अडीच हजार वेळा हा भार झेलतो. निरोगी शरीराला हा भार अपायकारक नाही. उलट, भार आणि त्यानंतरची विश्रांती या चक्रातूनच हाडे व कंडरा बळकट होतात.

अडचण वेगाच्या तफावतीत आहे. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत सरावाला सरावतात, स्नायूही तुलनेने लवकर बळावतात. कंडरांना मात्र महिने लागतात. हाडांची रीत तर अधिकच वेगळी आहे. नवा भार पडू लागल्यावर हाडातील जुना भाग आधी झिजवला जातो आणि मग तेथे नवे हाड भरले जाते. झीज काही आठवड्यांत होते, भरण्यास सुमारे तीन महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा किंचित दुर्बळ असते. नेमका हाच काळ नवख्या धावपटूला सर्वांत उत्साहाचा वाटतो, कारण दम पूर्वीसारखा लागत नाही आणि वेळ रोज सुधारत असते. दम वाढला म्हणून हाडही तयार झाले, असे होत नाही.

प्रमुख दुखापती

धावपटूंमध्ये गुडघा हा सर्वाधिक दुखावणारा सांधा आहे. गुडघ्याच्या वाटीभोवतीचे दुखणे जिने उतरताना, उकिडवे बसताना किंवा बराच वेळ मांडी घालून बसल्यावर वाढते. गुडघ्याच्या बाहेरील बाजूस ठरावीक अंतर धावल्यावरच सुरू होणारी वेदना ही मांडीच्या बाह्य पट्ट्याशी संबंधित असते आणि उतारावर अधिक जाणवते. टाचेच्या वर पोटरीच्या कंडरेचा विकार होतो. तळव्याच्या पट्ट्याच्या विकारात सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावले टाचेत कळ येते.

नडगीच्या दुखण्याचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. नडगीच्या आतील कडेला चार-पाच बोटे किंवा त्याहून अधिक लांबीवर पसरलेली ठणक, जी सुरुवातीला जाणवते व अंग तापल्यावर कमी होते, तिला शिन स्प्लिंट म्हणतात. भार कमी केल्यास ती सहसा बरी होते. याउलट वेदना एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच बिंदूवर असेल, धावताना वाढत जात असेल, त्याच पायावर उडी मारता येत नसेल किंवा रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर ताणजन्य अस्थिभंगाची, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरची, शंका घ्यावी लागते. यात हाडाला बारीक चीर पडलेली असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या क्ष-किरण चित्रात ती बरेचदा दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे साफ आहे’ एवढ्यावर पुन्हा धावायला सुरुवात करणे धोक्याचे असते. शंका राहिल्यास एमआरआय तपासणी करतात. जांघेत खोलवर दुखणारा, मांडीच्या हाडाच्या मानेचा अस्थिभंग सर्वांत गंभीर समजला जातो. तो दुर्लक्षित राहून हाड सरकले, तर खुब्याचे कायमचे नुकसान होऊ शकते.

हा विकार प्रथम खेळाडूंमध्ये नव्हे, तर सैनिकांमध्ये नोंदला गेला. प्रशियाच्या सैन्यातील शल्यचिकित्सक ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या पायांची सूज व वेदना यांचे वर्णन केले होते. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर ती पायाच्या हाडांतील चीर असल्याचे समजले.

भरतीची तयारी व वऱ्हाडातील परिस्थिती

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १,६०० मीटर, तर महिलांना ८०० मीटर धावावे लागते आणि ५० पैकी २० गुण या एका शर्यतीला असतात. राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटर, तर वनरक्षक पदासाठी पुरुषांना ५ व महिलांना ३ किलोमीटर धाव असते. ही अंतरे स्वतः फार लांब नसली, तरी त्यांच्या तयारीत रोजचे लांब धावणे असतेच. अमरावती व अकोला जिल्ह्यांत, जेथे कोरडवाहू कापूस-सोयाबीनच्या शेतीवर घर चालवणे कठीण झाले आहे, तेथे भरती ही अनेक कुटुंबांसाठी नियमित पगाराची मोजक्या वाटांपैकी एक आहे. त्यामुळे दुखणे लपवून धावण्याकडे कल राहतो. खेळाडूची एक स्पर्धा हुकते. येथे वयोमर्यादेत उरलेली एक संधी जाते.

परिणामी दुखापतीला पोषक अशी मांडणी तयार होते. वर्षभर तुरळक सराव आणि जाहिरात निघाल्यावर एकदम सकाळ-संध्याकाळ धावणे, हे तिचे सर्वपरिचित रूप होय. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूरसारख्या गावांतून सराव बहुधा डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावरच होतो. पावसाळ्यात काळी जमीन पायाला चिकटते, तर उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, म्हणून शेतवाटा वर्षातील बराच काळ निरुपयोगी असतात. रस्त्याच्या एकाच कडेने धावल्यास उतरत्या कडेमुळे दोन्ही पायांवर भार सारखा पडत नाही. जाताना-येताना कड बदलणे, किंवा रहदारी नसेल तेथे मधोमध धावणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. कठीण पृष्ठभागापेक्षा पृष्ठभागातील अचानक बदल अधिक त्रासदायक ठरतो. महिनोन्‌महिने डांबरावर धावलेल्याने चाचणीच्या आठवड्यात प्रथमच भुसभुशीत मैदानावर पूर्ण वेगाने धावणे इष्ट नाही.

या भागाला शारीरिक शिक्षणाची जुनी परंपरा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्यरत असून १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. आखाड्यातील बैठका या मांडीच्या स्नायूंसाठी आजही उत्तम भारव्यायाम आहेत. धावण्याच्या सरावात त्या मागे पडल्या, हे धावपटूंच्या दृष्टीने तोट्याचेच म्हणावे लागेल.

प्रतिबंध

प्रतिबंधाविषयीच्या अनेक रूढ समजुती अभ्यासांत टिकलेल्या नाहीत. ऑस्ट्रेलियन सैन्यातील १,५३८ नवसैनिकांवरील २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, व्यायामापूर्वी स्नायू ताणल्याने पायांच्या दुखापतींत लक्षणीय घट झाली नाही. दर आठवड्याला अंतर १० टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे ५३२ नवख्या धावपटूंवर तो तपासला असता, नियम पाळणारे व न पाळणारे अशा दोन्ही गटांत जवळपास प्रत्येकी पाचवा धावपटू दुखावला. यावरून भार सावकाश वाढवण्याचे तत्त्व चुकीचे ठरत नाही. एकच आकडा सर्वांना लागू पडत नाही, एवढेच दिसते. बुटांबाबतही तेच. पाऊल आत कलते म्हणून विशिष्ट बूट घ्यावेत, या सल्ल्याला डेन्मार्कमधील ९२७ नवख्या धावपटूंच्या २०१४ मधील अभ्यासाने आधार दिला नाही. बूट पायाला सुखकर असावेत आणि नवे बूट चाचणीच्या दिवशी प्रथम घालू नयेत, याहून अधिक खात्रीने सांगण्यासारखे थोडे आहे.

भारव्यायामाची बाजू अधिक भक्कम आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात स्नायुबल वाढवणाऱ्या व्यायामांनी खेळांतील दुखापती एक-तृतीयांशापेक्षाही कमी झाल्याचे आढळले. मात्र त्यातील बरेच अभ्यास फुटबॉलसारख्या खेळांचे होते, हे ध्यानात घ्यावे लागते. धावपटूंसाठी आठवड्यातून दोनदा बैठका, एका पायावरील बैठक, पायरीवर टाचा उचलणे आणि खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम सुचवले जातात. यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. गुडघेदुखी असणाऱ्यांना पावले आखूड करून दर मिनिटाची पावलांची संख्या ५ ते १० टक्क्यांनी वाढवण्याचाही उपयोग होतो, कारण त्यामुळे गुडघ्यावरील भार घटतो.

पुरेसे खाणे हाही प्रतिबंधाचाच भाग आहे. सरावात खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार अपुरा राहिला, तर शरीर हाडांच्या भरणीत व संप्रेरकांत काटकसर करते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीला खेळातील सापेक्ष ऊर्जा-कमतरता अशी संज्ञा दिली. मुलींमध्ये पाळी अनियमित होणे किंवा थांबणे हे तिचे ठळक लक्षण होय. सराव जोरात चालल्याची ती खूण मानली जाते किंवा संकोचाने कोणाला सांगितलीच जात नाही. प्रत्यक्षात तो ताणजन्य अस्थिभंगाचा आगाऊ इशारा असतो. ही कमतरता मुलांमध्येही होते, मात्र तिला असे उघड लक्षण नसते.

भौतिकोपचार

पूर्वी पूर्ण विश्रांती, बर्फ व मालीश हाच उपचार समजला जाई. आता ताणजन्य अस्थिभंगासारखे अपवाद वगळता, सोसवेल तेवढा भार चालू ठेवणे आणि तो पायरीपायरीने वाढवणे यावर भर असतो. या बदलात स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन यांच्या १९९८ च्या कार्याला महत्त्व आहे. पोटरीच्या कंडरेच्या जुन्या दुखण्याने त्रस्त १५ हौशी खेळाडूंना त्यांनी पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम दिवसातून दोनदा, १२ आठवडे दिला आणि ते सर्व पुन्हा धावू लागले. तळव्याच्या दुखण्यावर डेन्मार्कमध्ये याच धर्तीवर, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून टाचा उचलण्याचा व्यायाम उपयुक्त आढळला. उपचाराला लागते ती एक पायरी, एक टॉवेल आणि तीन महिन्यांचा धीर. यांतील धीराचीच बहुधा टंचाई असते.

किती दुखणे चालवून घ्यावे, यासाठी वेदनेचे शून्य ते दहा असे मोजमाप वापरतात. कंडरेच्या विकारात व्यायामावेळी पाचपर्यंतची वेदना चालते. मात्र ती दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आली पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. हाडाच्या दुखण्याला ही सवलत नाही. तेथे वेदना शून्य असणे हीच अट असते. पुनरागमनापूर्वी अर्धा तास भरभर चालणे वेदनेविना जमले पाहिजे. त्यानंतर एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे अशा आवर्तनांनी, एक दिवसाआड सुरुवात करतात. आधी अंतर वाढवतात, वेग नंतर.

उष्म्याचा धोका

मे महिन्यात अकोला व अमरावती येथील पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो. उष्णतेची सवय होण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात आणि सराव पहाटेच उरकणे श्रेयस्कर असते. धावताना एखादा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला, तर उष्माघात समजून त्याला जागेवरच थंड पाण्याने भिजवणे किंवा शक्य असल्यास थंड पाण्याच्या टाकीत मानेपर्यंत बसवणे, आणि त्याच वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे आवश्यक आहे. शुद्ध हरपत असलेल्यास पाणी पाजू नये. आधी थंड करणे व मग हलवणे, हा क्रम प्राण वाचवतो.

महाराष्ट्रातील भौतिकोपचार

भारतातील भौतिकोपचाराचे पहिले विद्यालय मुंबईत, पोलिओच्या साथीनंतर, जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने १९५३ मध्ये के. ई. एम. रुग्णालयाशी संलग्न असे सुरू झाले. म्हणजे हे शास्त्र येथे खेळासाठी नव्हे, तर अपंगत्व आलेल्या मुलांसाठी आले. हा पदवी अभ्यासक्रम दीर्घकाळ आंतरवासितेसह साडेचार वर्षांचा राहिला आहे. राज्यात व्यवसायासाठी नोंदणी आवश्यक असून तिच्यासाठी व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांची स्वतंत्र राज्य परिषद आहे. राष्ट्रीय पातळीवर २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी आयोगाची तरतूद झाली. ग्रामीण भागात मात्र दुखावलेला धावपटू प्रथम मालीश करणाऱ्याकडे किंवा हाडे बसवणाऱ्याकडे जातो. स्नायूच्या साध्या दुखण्यात त्याने फारसे बिघडत नाही, परंतु एका बिंदूवर दुखणाऱ्या नडगीला जोराने चोळणे टाळावे लागते.