उसाचे बिल, क. म. पत्रक आणि सिबिल : कर्जदाराला जोखणारे नियम

सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने त्यांचा पहिला अर्ज नाकारला. प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींना सही येत नव्हती. अर्जावर अंगठे होते. चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर या बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या अधिकाऱ्यांनीही कॅल्क्युलेटर न घेता ते काढून दाखवावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ही हकीकत बहुतेक वेळा धैर्याची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातली वेगळीच बाब महत्त्वाची वाटते. नकार देणारी माणसे समोर बसलेली होती आणि नकाराचे कारण ठाऊक होते, म्हणून बायकांना त्याचे उत्तर तयार करता आले.

आज सांगली-साताऱ्याच्या कोणत्याही शाखेत नकाराचे वाक्य ठरलेले आहे : ‘सिस्टीम घेत नाही.’ ही सिस्टीम नेमके काय पाहते, हे शाखेतल्या साहेबालाही अनेकदा सांगता येत नाही. ते समजून घेण्याचा हा प्रयत्न.

मुळात ठोकळ नियमाने कर्ज देणे आपल्याकडे संगणकाने आणलेले नाही. विकास सोसायटीचा सभासद हे नियम कधीपासून पाहतो आहे. जिल्ह्याची तांत्रिक समिती दरवर्षी ऊस, द्राक्ष, हळद, ज्वारी अशा प्रत्येक पिकाला एक कर्जदर ठरवते. सातबारा आणि आठ-अवरचे क्षेत्र गुणिले तो दर, असा हिशेब क. म. पत्रकात, म्हणजे कमाल मर्यादा पत्रकात, मांडला जातो. १९९८ पासूनच्या किसान क्रेडिट कार्डात त्या रकमेवर घरखर्चासाठी १० टक्के आणि शेतीच्या अवजारांची देखभाल-दुरुस्ती म्हणून २० टक्के धरण्याची रीत आली. वसुलीसाठीही कोणाच्या दारात जायला नको. कारखान्याच्या ऊसबिलातूनच सोसायटीचा हप्ता कापला जातो. अर्जदार कसा आहे, हा प्रश्न या हिशेबात येतच नाही. जमीन किती, पीक कोणते आणि बिल कोठून येणार, एवढेच. पत्रकात नाव बसवणे वा गाळणे यात गावचे राजकारण कसे शिरते, हे ग्रामीण वाचकाला सांगायला नको; जुनी पद्धत निर्मळ होती असे माझे म्हणणे नाही. पण पत्रक कागदावर होते आणि सभासद त्यावर बोट ठेवून भांडू शकत होता.

सोसायटीच्या बाहेर माणूस ओळखणारे व्यवस्थापक होते. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची आणि सांगली बँक १९१६ ची. पहिली ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली, दुसरी एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. त्याच २००७ साली सिबिलने व्यक्तींच्या पतीला गुण देऊन ते बँकांना पुरवायला सुरुवात केली. या घटना एकमेकींमुळे घडल्या असे नाही. पण दोन जिल्ह्यांच्या गावी असलेली दोन मुख्यालये गेली आणि निर्णय घेणारी जागा दूर सरकली, ती याच काळात.

गुण देण्याची कल्पना अमेरिकेतली. डेव्हिड ड्युरांड यांनी १९४१ मध्ये हप्त्याने घेतलेली हजारो कर्जे तपासून, फेडणारे आणि बुडवणारे यांच्यात कोणते फरक दिसतात, ते आकडेवारीने मांडले. १९५६ मध्ये फेअर आणि आयझॅक या दोघांनी त्याचाच व्यवसाय केला. तत्त्व सोपे आहे. जुन्या कर्जदारांच्या नोंदी घ्यायच्या, कोणत्या खुणा असलेले लोक जास्त थकले ते मोजायचे, प्रत्येक खुणेला गुण वा दंड द्यायचा आणि बेरीज करायची. आपल्याकडे ही बेरीज ३०० ते ९०० मध्ये बसवतात. हप्ते कधी चुकले, क्रेडिट कार्डाची मर्यादा किती वापरली, कर्जे किती जुनी आहेत, अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, हे त्यातले मुख्य घटक.

येथे बहुतेकांची गफलत होते. या गुणांत तुमचे उत्पन्न नसते, जमीन नसते, बँकेतली ठेवही नसते. दहा एकर बागायत असलेला, आयुष्यात उधारी न केलेला माणूस या यंत्राला कोराच दिसतो. पतसंस्थेचे वेळेवर फेडलेले कर्जही बहुधा या नोंदीपर्यंत पोहोचत नाही. याउलट, मित्राच्या बँककर्जाला जामीन राहिलेल्याच्या अहवालात ते कर्ज दिसते आणि मित्र थकला तर डाग दोघांनाही लागतो. ‘तू मला जामीन, मी तुला’ ही आपल्या भागातली रीत. तिची किंमत पुष्कळांना घरकर्जाच्या वेळी कळते.

दुसरे उदाहरण उसाचे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. कारखान्याने ते महिनोन् महिने लांबवले, तर त्या बिलावर विसंबलेला बँकेचा हप्ता थकतो. अहवालात थकीत दिवसांचा आकडा पडतो तो शेतकऱ्याच्या नावापुढे. कारखान्याने बिल उशिरा दिले, हे लिहायला तिथे जागा नाही.

गुण हा सवयीचा अंदाज झाला. हप्ता झेपेल का, हा प्रश्न निराळा आणि त्याचा हिशेबही निराळा. कर्ज देणाऱ्यांच्या संगणकात हे नियम साधारणपणे एकामागून एक लावलेले असतात. आधी चाळणी : वय, पत्ता, थकबाकी. काही कंपन्या पिनकोडवरूनही गाळतात. खानापूर-आटपाडीचा गलाई व्यावसायिक, ज्याचे घर आणि जमीन इकडे पण सोने-चांदी गाळण्याचा धंदा परराज्यात, तो इथेच अडखळतो. चाळणीतून उतरलेल्यांना गुणांची अट. त्यानंतर मासिक उत्पन्नाच्या ठरावीक हिश्शात, बहुधा ४० ते ५० टक्क्यांत, सर्व हप्ते बसतात का ते पाहायचे.

तासगावकडचा एक बागायतदार धरू. द्राक्षाचे वर्षाला निव्वळ ३ लाख ६० हजार, ते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. दुधाचे दरमहा ८ हजार. मोटारसायकलचा हप्ता ३ हजार. वर्षाचे उत्पन्न ४ लाख ५६ हजार, म्हणजे महिना ३८ हजार. त्याचे निम्मे १९ हजार. जुना हप्ता वजा जाता १६ हजार उरतात. १२ टक्के व्याज आणि पाच वर्षे मुदत धरली, तर लाखाला सुमारे २,२२४ रुपये हप्ता पडतो. म्हणजे हा माणूस ७ लाख १९ हजारांपर्यंत कर्जाला पात्र.

पण संगणक बहुतेकदा सहा महिन्यांचा खातेउतारा मागतो. अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीला केला, तर जून ते नोव्हेंबर दिसेल : फक्त दुधाचे ८ हजार. निम्मे ४ हजार, त्यातून हप्ता गेला की १ हजार. पात्रता ४५ हजार. तोच माणूस जूनच्या सुरुवातीला गेला, तर डिसेंबर ते मे दिसेल : महिना सरासरी ६८ हजार, आणि पात्रता जवळपास १३ लाख ९३ हजार. बाग तीच, खाते तेच. पहिल्या उत्तराने तो सावकाराकडे जाईल. दुसऱ्याने दोन वर्षांत थकेल. मला दुसरे उत्तर अधिक घातक वाटते, कारण त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. शिवाय खात्यावर दिसतो तो एकूण पैसा. त्यातून औषध दुकानाची उधारी जायची असते. येथे मी सोयीसाठी निव्वळ रक्कम धरली आहे.

बायकांच्या गटकर्जांत हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२२ पासूनचा नियम चांगला आहे : वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. पण मजुरी आणि शेळ्या-कोंबड्यांच्या उत्पन्नाला पावती कुठली? आकडा विचारून भरला जातो. एका बैठकीत मी शेजारी बसून पाहिले : आधी कर्जाची रक्कम ठरली, मग त्यात बसेल असे उत्पन्न लिहिले गेले. संगणकाने नियम काटेकोर पाळला.

पीककर्जाला सिबिल मागणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशारा मुख्यमंत्र्यांनी २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत दिला. संताप समजण्यासारखा आहे, पण गुण पाहायचेच नाहीत असे म्हटल्याने हप्ता झेपेल का हा प्रश्न सुटत नाही. युरोपात वाद वेगळ्या जागी गेला. ७ डिसेंबर २०२३ रोजी तिथल्या न्यायालयाने जर्मनीच्या शूफा या संस्थेच्या प्रकरणात म्हटले की, बँक प्रामुख्याने गुणावरच विसंबत असेल, तर गुण काढणे हाच यांत्रिक निर्णय मानायचा आणि त्याला त्याबाबतचे कायदे लावायचे.

आपल्या हाती काही साधने आहेत. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. चुकीच्या नोंदीची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. कर्ज नाकारण्याचे मुख्य कारण बँकेने लेखी कळवावे, असे रिझर्व्ह बँकेच्या आचारसंहितेतच आहे. ते मागणारे फार थोडे. खातेउताऱ्याचा कालावधी चुकीचा निवडला, याला मात्र नोंदीतली चूक म्हणत नाहीत, त्यामुळे ती तक्रार पतमाहिती कंपनीकडे चालत नाही. तेव्हा हंगामी उत्पन्न असलेल्याने अर्जाबरोबरच बारा महिन्यांचा उतारा, दूधसंघाची बिले आणि गेल्या दोन हंगामांच्या द्राक्षपट्ट्या जोडाव्यात आणि त्या मिळाल्याची पोच शाखेच्या शिक्क्यानिशी घ्यावी.