एकट्याचं एडिंबरा (५) : पुलाखालचा पत्ता

किल्ल्याचं कबूल केलं होतं, मान्य. पण मंगळवारी साताऱ्याहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि किल्ला मागे पडला. बाई ऑक्टोबरात तीन रात्रींसाठी एकट्याच निघाल्या आहेत. खोली काउगेट नावाच्या रस्त्यावर घेतली आहे. त्या विचारतात, 'नकाशात माझं हॉटेल साउथ ब्रिज आणि काउगेटच्या चौकात दिसतं. वेव्हर्ली स्टेशनपासून जेमतेम अर्धा किलोमीटर. बॅग ओढत चालत गेले तर चालेल ना?'

चालेल. फक्त तो चौक नाही.

हे मी बॅगेचं एक चाक गमावून शिकलो आहे. पहिल्या खेपेला माझीही खोली तिथेच, त्याच रस्त्याला होती. साउथ ब्रिजवर पावसात उभा होतो, फोनमधला निळा ठिपका बरोबर हॉटेलवर होता, आणि समोर हॉटेल नव्हतं. दोनदा पुढे गेलो, दोनदा मागे आलो. शेवटी कठड्यावरून खाली वाकलो तर तीन मजले खाली एक अरुंद रस्ता, तिथे बिअरची पिंपं उतरवत असलेला माणूस आणि त्याच्या शेजारी माझ्या हॉटेलची पाटी. निळ्या ठिपक्याला आपण पुलावर आहोत की पुलाखाली, हे कळत नाही. सोबत कोणी असतं तर 'तू बॅग धर, मी बघून येतो' म्हटलं असतं. एकट्याला बॅगेसकटच बघून यावं लागतं.

साउथ ब्रिज हा पूल आहे हे त्यावरून चालताना कळतच नाही, ही त्याची खरी गंमत. १७८८ साली तो झाला. कमानी १९, दिसते फक्त एक, काउगेटवरची. बाकीच्या अठरा कमानींना दोन्ही बाजूंनी घरं चिकटवून टाकली. पुलाच्या कडेच्या जागा दुकानांसाठी विकल्या, त्यांना चांगला भाव आला आणि पूल इमारतींत गडप झाला. झाकल्या गेलेल्या कमानींच्या पोटात तळघरं निघाली. तिथे चांभार, दारूवाले, पुढे अगदी गरीब कुटुंबं राहिली. वरून पाणी झिरपायचं. हळूहळू लोक निघून गेले, तळघरं बुजवली आणि विसरली गेली, ती १९८०च्या दशकात पुन्हा उकरली. आता तिथे भुतांच्या सहली निघतात. उद्‌घाटनाचीही एक कथा सांगतात. पुलावरून पहिल्यांदा जाण्याचा मान एका वृद्ध बाईंना द्यायचं ठरलं होतं. त्या आधीच वारल्या. शब्द दिलेला, म्हणून त्यांची शवपेटी पहिली नेली. भुतांच्या सहलीवाल्यांना याहून अधिक काय हवं!

हे असं दुमजली शहर झालं कसं? आपल्याकडच्या गडकऱ्यांना हे समजावणं सोपं आहे. (इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकं इथे पानभर भूगर्भशास्त्र सांगतात.) किल्ल्याखालचा कातळ म्हणजे एका विझलेल्या ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला लाव्हा. हिमयुगात बर्फाचे लोट पश्चिमेकडून आले, कातळावर आपटून दोन्ही अंगांनी पुढे सरकले आणि बाजूची माती-दगड खरवडून घेऊन गेले. कातळाच्या आडोशाला, पूर्वेला, मऊ खडक मात्र वाचला. म्हणजे तीन बाजूंना कडे आणि पूर्वेला उतरत गेलेली एकच लांब सोंड. या सोंडेच्या माथ्यावरून किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत जो रस्ता उतरतो, तोच रॉयल माईल. सोंडेच्या दोन्ही अंगांना दऱ्या. उत्तरेच्या दरीत पूर्वी तळं होतं, ते आटवलं. आज तिथे बाग आहे आणि वेव्हर्ली स्टेशन आहे. दक्षिणेच्या दरीत आपल्या बाईंचं काउगेट.

शहर वाढलं तेव्हा लोकांनी दऱ्यांत उतरण्याऐवजी त्यांच्यावरून पूल टाकले: उत्तरेला नॉर्थ ब्रिज, दक्षिणेला साउथ ब्रिज आणि जॉर्ज द फोर्थ ब्रिज. त्यामुळे काही इमारतींना दोन तळमजले आहेत. राष्ट्रीय ग्रंथालयात तुम्ही जॉर्ज द फोर्थ ब्रिजवरून पायरीही न चढता शिरता आणि पायांखाली कित्येक मजले पुस्तकं असतात, थेट काउगेटपर्यंत.

ही उंची नीट ओळखलेला माणूस म्हणजे पॅट्रिक गेडिस. सोंडेच्या वरच्या टोकाला, किल्ल्याच्या अलीकडेच, एक मनोरा आहे. त्याच्या माथ्यावर कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे अंधाऱ्या खोलीतल्या पांढऱ्या टेबलावर बाहेरचं हलतं शहर उमटवणारं आरशाचं यंत्र. १८९२ मध्ये गेडिसनी तो मनोरा घेतला. पाहुण्याला ते आधी सगळ्यात वर न्यायचे, शहर दाखवायचे आणि मग मजल्यामजल्याने खाली आणायचे: एडिंबराचा मजला, स्कॉटलंडचा, युरोपचा, तळाला जगाचा. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. गोविंद सदाशिव घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. मुंबईत त्यांनी शिकवलेलं आपण किती ऐकलं हा वेगळा विषय आहे आणि मी तो इथे काढणार नाही. मनोऱ्याचं तिकीट आज महाग आहे आणि खालचे मजले नजरबंदीच्या खेळांनी भरलेत. ढगाळ दिवशी वरच्या टेबलावरही धुरकटच दिसतं. माझं ऐकाल तर पहिल्या दिवशी बॅग टाकून कॅल्टन टेकडीवर जा. ती फुकट आहे. तिथून स्टेशनची दरी, तिच्यावरचा पूल, पलीकडे चढत गेलेली घरं आणि टोकाला किल्ला, सगळं एका नजरेत येतं. पंधरा मिनिटं तिथे उभं राहिलात की नकाशा वाचायला शिकलात.

आता बाईंचा रस्ता. स्टेशन एका दरीत, हॉटेल दुसऱ्या दरीत, मध्ये सोंड. म्हणजे अर्धा किलोमीटर नव्हे, एक खिंड. ती ओलांडायच्या तीन वाटा आहेत.

पहिली फ्लेशमार्केट क्लोज. क्लोज म्हणजे इमारतींमधला बोळ. सोंडेच्या माथ्यावरून दोन्ही अंगांना असे कितीतरी उतरतात. फोन हाच बोळ सुचवेल, कारण तो सरळ आहे. जिन्यासारखा सरळ. रिकाम्या हाताने सुंदर, बॅगेसकट मुळीच नाही. दुसरी कोबर्न स्ट्रीट. (लिहितात कॉकबर्न, म्हणतात कोबर्न. टॅक्सीवाल्याला सांगताना सांभाळा.) एकोणिसाव्या शतकात स्टेशनकडून माथ्यावर सोप्या चढाने जाता यावं म्हणून तो मुद्दाम वळणाचा काढला. आपला घाटरस्ताच. माथ्यावर आलात की रस्ता ओलांडून ब्लेअर स्ट्रीटने खाली. हा उतार मात्र गुडघ्यांना जाणवतो.

तिसरी वाट माझी आवडती. सोंड पूर्वेकडे उतरत जाते, मग ती उंच ठिकाणी ओलांडायची कशाला? स्टेशनमधून मार्केट स्ट्रीटच्या दाराने बाहेर पडा, डावीकडे वळून नॉर्थ ब्रिजच्या खालून जा आणि जेफ्री स्ट्रीटने हळूहळू वर. माथा गाठाल तिथे पूर्वी शहराची वेस होती. तिची जागा रस्त्यात पितळी पट्ट्यांनी दाखवली आहे आणि कोपऱ्यावरच्या पबचं नावच 'वर्ल्ड्स एंड' आहे. समोरच्या सेंट मेरीज स्ट्रीटने खाली उतरा, काउगेट लागलं की उजवीकडे वळा. अंतर जास्त पडतं, पायरी एकही नाही. पुढे डोक्यावर एकुलती एक कमान दिसली की आलं हॉटेल.

एक राहिलं. काउगेटमध्ये पब एकाला एक लागून आहेत. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री तो गलका दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून वर येतो. एकटीने फिरायला रस्ता ओस नसतो, हे बरंच. पण झोपेचं सांगता येत नाही. बाईंनी हॉटेलला आजच पत्र टाकून मागच्या बाजूची खोली मागून घ्यावी. आणि रात्री परतताना बसने पुलावर उतरून 'आलेच की' म्हणू नये. तिथून खाली जायला जिना नाही.

किल्ला पुढच्या आठवड्यात. त्याआधी तिथली एक वाजताची तोफ आडवी आली नाही तर.