नोकरी सांभाळून संगणकाची पदवी

दिवसभर कंपनीत राबून घरबसल्या संगणकाची पदवी घेता येते का? येते; पण आधी हिशेब करा. इग्नूत एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. सहामाहीला २० श्रेयांक धरले तर ६०० तास, म्हणजे रोज सुमारे सव्वातीन तास. पाळी करून एवढे रोज जमेलच असे नाही. म्हणूनच तीन वर्षांचा ऑनलाइन बीसीए सहा वर्षांपर्यंत पुरा करण्याची मुभा आहे.

प्रवेशाआधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत विद्यापीठाचे व अभ्यासक्रमाचे नाव पाहा. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, असे आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. नाव नसेल तर घामाचा पैसा एजंटाच्या हाती देऊ नका.

आणि घरच्यांनो, अभ्यासाच्या वेळी टीव्ही बंद ठेवा. तेवढा हातभार आपण सगळेच लावू शकतो.