नदीकाठची वखार आणि मालवाहतुकीतील स्थित्यंतर : लंडनच्या ‘हेज व्हार्फ’चा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

व्यापाराच्या इतिहासात जहाजे, बंदरे आणि व्यापारी यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे वखारीला मिळाले नाही. वस्तुतः जहाजातून उतरलेला माल बाजारपेठेत पोहोचण्यापूर्वी त्याला काही काळ थांबावे लागते. वखारीचा व्यवसाय या थांब्यावरच उभा असतो. थांबा नाहीसा झाला की वखारीचे प्रयोजनही संपते. लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर असलेल्या ‘हेज व्हार्फ’ या धक्क्याची वाटचाल हे सूत्र स्पष्ट करते. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

उदय आणि विस्तार :

इ. स. १६५१ मध्ये अलेक्झांडर हे या गृहस्थाने लंडन ब्रिजनजीकची एक जागा भाडेपट्ट्याने घेतली. पुढे त्याच्याच नावाने तेथील धक्का ओळखला जाऊ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉन हम्फरी यांच्या पुढाकाराने आणि विल्यम क्युबिट यांच्याकरवी या धक्क्याची पुनर्बांधणी झाली. नदीचे पाणी आत घेणारी एक लहान गोदी आणि तिच्याभोवती उंच वखारी अशी तिची रचना होती. त्यामुळे मालाचे पडाव थेट वखारीच्या दारापर्यंत येऊ शकत.

परंतु माल एकाच ठिकाणी साठवण्यात धोकाही होता. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटवरील शेजारच्या वखारीत आग लागली. ताग, चरबी, साखर, मसाले अशा मालामुळे ती झपाट्याने पसरली. लंडनच्या अग्निशमन व्यवस्थेचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड भिंत कोसळून मृत्युमुखी पडले. तोपर्यंत आग विझवण्याचे काम मुख्यतः विमा कंपन्यांच्या खर्चाने चालत असे. या दुर्घटनेनंतर १८६५ मध्ये कायदा झाला आणि १८६६ पासून सार्वजनिक अग्निशमन दल अस्तित्वात आले.

वखारी पुन्हा उभ्या राहिल्या आणि १८६७ मध्ये व्यवसायास कंपनीचे स्वरूप मिळाले. पुढे शीतगृहांची सोय झाल्यामुळे न्यूझीलंडचे लोणी, चीज यांसारखा नाशवंत मालही साठवता येऊ लागला. चहा, लोणी आणि इतर खाद्यपदार्थांच्या साठ्यामुळे हा परिसर ‘लंडनची कोठी’ म्हणून प्रसिद्ध झाला. १९२० मध्ये ‘पिकफर्ड्स’ ही जुनी मालवाहतूक संस्था ताब्यात घेऊन कंपनीने साठवणुकीला रस्त्यावरील वाहतुकीची जोड दिली.

श्रमिकांची स्थिती :

या वैभवाचा भार वाहणाऱ्या गोदी कामगारांना मात्र स्थैर्य नव्हते. जहाज आले तर काम, नाही तर उपासमार, अशी स्थिती होती. १८८९ मध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी तासाला ६ पेन्स मजुरीसाठी संप केला आणि ती मागणी मान्य करून घेतली. तथापि रोजंदारीची पद्धत संपुष्टात येण्यास १९६७ साल उजाडावे लागले.

कंटेनर आणि ऱ्हास :

नेमक्या त्याच काळात कंटेनरचा प्रसार झाला. कारखान्यातच बंद केलेली पेटी जहाजातून उतरवून थेट मालमोटारीवर किंवा रेल्वेवर चढवता येऊ लागली. मालाचा थांबा मिटला. मोठी कंटेनर जहाजे नदीमुखाकडील टिलबरी येथे थांबू लागली आणि १९७० च्या सुमारास हेज व्हार्फच्या वखारी बंद पडल्या. शतकानुशतके अस्थिर राहिलेल्या कामगाराला कायम नोकरी मिळाली, तेव्हा ते कामच नाहीसे होऊ लागले होते.

१९८७ मध्ये जुन्या गोदीवर फरसबंदी करून ‘हेज गॅलेरिया’ हे दुकानांचे आणि कार्यालयांचे संकुल सुरू झाले. ‘हेज’ कंपनी १९८९ मध्ये शेअरबाजारात आली. २००३ नंतर तिने मालवाहतुकीचा व्यवसायही सोडला. आज ती नोकरभरतीची सेवा देते.

निष्कर्ष :

धक्का बंद पडला तरी मालकाजवळ जमीन, भांडवल आणि नाव शिल्लक राहिले. त्यांच्या आधारे त्याला नवा व्यवसाय उभारता आला. कामगाराजवळ होते ते केवळ त्या जागेपुरते उपयोगी पडणारे कौशल्य. काहींना नुकसानभरपाई मिळाली. परंतु त्या कौशल्याला दुसरी बाजारपेठ नव्हती. म्हणूनच वाहतुकीतील सुधारणांचे मूल्यमापन करताना वाचलेल्या वेळेबरोबरच त्या वेळेवर कोणाची उपजीविका अवलंबून होती, याचाही विचार होणे आवश्यक आहे.