सैनिकाच्या पेन्शनचे अपील कसे ठरते

सैन्यातून दुखणे घेऊन परतलेल्या माणसाला अपंगत्वाचे पेन्शन मिळावयाचे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता डॉक्टरांचा वाटतो. वस्तुतः तो पुराव्याचा प्रश्न आहे. आणि तो पुरावा कोणी द्यावयाचा, हा त्याचा गाभा आहे. आम्हां कामगार चळवळीतल्या लोकांना हा झगडा परिचयाचा आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याखाली अपघात कामातून व कामाच्या ओघात झाला, हे दाखवावे लागे. परंतु त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातले धंदेवाईक रोग असले, तर कायदा आपण होऊन कामगाराच्या बाजूने गृहीत धरीत असे. सैनिकांच्या नियमांतही असे एक गृहीत आहे. ते ज्याला ठाऊक नाही, तो नकाराच्या पहिल्या पत्रालाच हाय खातो.

मूळ नियम दोन अटी घालतो. दुखापत अथवा रोग लष्करी सेवेमुळे उद्भवलेला असावा किंवा सेवेमुळे बळावलेला असावा, ही पहिली. आणि अपंगत्व निदान २० टक्के असावे, ही दुसरी. 'उद्भवलेला' आणि 'बळावलेला' या दोन शब्दांमधले 'किंवा' फार मोलाचे आहे. रोगाचे बीज घरचे असले, तरी सियाचिनच्या थंडीने किंवा वर्षानुवर्षांच्या ताणाने तो वाढला, तर दावा उभा राहतो. या दोन्ही गोष्टींवर पहिले मत देते वैद्यकीय मंडळ. सैनिक बोर्डआउट होतो किंवा मुदत संपून घरी निघतो, तेव्हा हे मंडळ बसते आणि एका छापील फॉर्मवर आपले मत लिहिते. 'उद्भवलेला नाही, बळावलेलाही नाही' या शेऱ्याची इंग्रजी आद्याक्षरे जोडून कचेऱ्यांतून त्याला 'नाना' म्हणतात. आपल्याकडच्या कोणा नानांचा यात काही दोष नाही; पण या नानांनी पुष्कळ घरांची झोप उडवली आहे.

आता गृहीताकडे वळू. १९८२ च्या नियमांप्रमाणे भरतीच्या वेळी कागदावर रोगाची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट भरती झाला असे धरावयाचे, आणि पुढे प्रकृतीच्या कारणावरून त्याला काढले, तर ती प्रकृती सेवेमुळे ढासळली असे मानावयाचे. दावेदाराकडे पुरावा मागावयाचा नाही. वाजवी शंकेचा फायदा त्यालाच द्यावयाचा, आणि तो रणक्षेत्रात राहिलेल्याला अधिक सढळ हाताने. मंडळाला उलट म्हणावयाचे असेल, तर हा रोग भरतीच्या तपासणीत सापडण्याजोगा का नव्हता, याची कारणे लिहावी लागतात. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिग्नल कोअरच्या एका शिपायाच्या खटल्यात हेच सांगितले. त्याला फेफऱ्याच्या विकारावरून काढले होते, अपंगत्व २० टक्के ठरवले होते, आणि सेवेशी संबंध नाही एवढेच मंडळाने लिहिले होते. का नाही, ते लिहिले नव्हते. न्यायालयाने पेन्शन देवविले. माझ्या मते या साऱ्या शास्त्रातला सर्वांत उपयोगी प्रश्न तो 'का' हाच आहे. म्हणून अपील लिहिण्यापूर्वी मंडळाच्या कार्यवाहीची नक्कल मागून घ्यावी आणि कारणांचा रकाना आधी वाचावा. तेथे एक ओळच असेल, तर आपले निम्मे अपील त्या ओळीनेच लिहून दिले असे समजावे.

टक्क्यांचे गणितही समजून घ्यावे. १०० टक्के अपंगत्वाला अपंगत्वाचा भाग शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. वेतन ४०,००० रुपये धरले, तर २० टक्के अपंगत्वाला महिना २,४०० रुपये येतात. परंतु ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने ५० पेक्षा कमी असलेले अपंगत्व ५० धरावयाचे ठरले. मग तेच ६,००० होतात. सरकार ही सवलत बोर्डआउट झालेल्यांपुरती मानीत होते. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत पुरी करून घरी आलेल्यांनाही ती लागू असल्याचे ठरविले. ज्याला बोर्डआउट केले त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिकच समजावे, हाही त्याच वर्षीचा दुसरा निर्णय आहे. माणूस सैन्यात ठेवण्याजोगा नाही, पण पेन्शन देण्याइतका अधूही नाही, ही दुटप्पी भाषा त्याने बंद केली.

विधवेच्या दाव्यात तोच प्रश्न मृत्यूच्या कारणापाशी येतो. साधे कुटुंब निवृत्तिवेतन मूळ दराने वेतनाच्या ३० टक्के असते, जरी सुरुवातीची काही वर्षे ते अधिक मिळते. मृत्यू सेवेशी जोडलेला ठरला, तर ते ६० टक्के. युद्धात मृत्यू आला, तर शेवटच्या वेतनाइतके. सरकारी खर्चाच्या प्रवासाचा हक्क असताना रजेवर जातायेता झालेला अपघात कर्तव्यावरचा धरतात. परंतु रजेत घरगुती कामात झालेली इजा केवळ रजा मंजूर होती एवढ्यावर सेवेशी जोडली जात नाही.

पायऱ्या अशा: नकाराचे पत्र आल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील, ते फेटाळले की दुसऱ्या समितीकडे आणखी सहा महिन्यांत दुसरे. या समित्या मुख्यतः कागद पाहून निर्णय देतात. त्यांच्यापुढे गाऱ्हाणे फार, आणि आधार थोडा, असे अपील टिकत नाही. त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. तेथे एक न्यायिक सदस्य व एक सेनेतून निवृत्त झालेला अधिकारी बसतो. वकील देता येतो, स्वतःही उभे राहता येते. अर्जाला सहा महिने उत्तरच आले नाही, तरी न्यायाधिकरणाचे दार उघडते. उशिराचे सबळ कारण असेल, तर तो माफ होऊ शकतो. पुढे उच्च न्यायालयातही जाता येते, हे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. माणूस सैन्यातून केव्हा बाहेर पडला, त्या तारखेचे नियम त्याला लागतात. २००८ च्या नियमांनी गृहीताची भाषा सैल केली. भरतीची तपासणी मर्यादित असते, दडलेला रोग तीत दिसेलच असे नाही, असे त्यांत घातले. दावेदाराकडे सामान्यतः पुरावा मागू नये, हे मात्र ठेवले. पण सेवा सोडून १५ वर्षे उलटल्यावर दावा आला आणि तोवर सेवेचे कागद मुदतीप्रमाणे नष्ट झालेले असले, तर पुराव्याचे ओझे दावेदाराच्या डोक्यावर जाते. २१ सप्टेंबर २०२३ नंतर बाहेर पडणाऱ्यांना पुन्हा नवे नियम आहेत. वरचे टक्क्यांचे गणित त्यांनी जसेच्या तसे लावू नये. बाकीच्यांनी रेकॉर्ड ऑफिसला, मराठा पलटणीच्या माणसाने म्हणजे बेळगावला, कागदांच्या नकलांसाठी आजच स्पीड पोस्टने पत्र टाकावे, आणि त्याची पोच जपून ठेवावी.